बेचाळीसच्या पुढे

सहलीला जाताना कुणी पाढे बरोबर घेतं का? अरुंधतीने घेतले होते. चटई, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि साताचा पाढा! नवऱ्याच्या, म्हणजे सत्यजीतच्या ऑफिसातल्या मित्राचं पनवेलजवळ नेऱ्याला फार्महाऊस, रविवारचा दिवस, आंब्याखाली गार सावली, आणि ही बाई आपल्या आठ वर्षांच्या लेकीला अंगणातल्या फरशीवर उभी करून म्हणते, "हं कादंबरी, मार उड्या. सात..."

तसं तिचं अगदीच चुकलं असं तरी कसं म्हणायचं? शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं, की तिसरीत आली तरी कादंबरी पाढ्यांत मागे आहे, सोमवारी पुन्हा तोंडी घेणार. 'सात एके सात' असं घोकून घेऊ नका, म्हणाल्या, उड्यांनी शिकवा. सात, चौदा, एकवीस. म्हणजे मधेच विसरलं तरी मूल जिथे उभं असेल तिथून सात मोजून पुढे जातं, रडत पहिल्यापासून येत नाही. पद्धत चांगलीच होती हो. करंजाड्याच्या घरात मायलेकी स्वयंपाकघरातल्या फरश्यांवर उड्या मारायच्या, जिन्यात मारायच्या, टाळ्यांवर म्हणायच्या. दोनाच्या, पाचाच्या, सहाच्या उड्या पक्क्या झाल्या. घोडं अडायचं ते सातावर, आणि तेही एकाच जागी. बेचाळीसपर्यंत पोर टुणटुण यायची आणि पुढे ठणकावून सांगायची, "अठ्ठेचाळीस!" बेचाळीस सहाच्या उड्यांतही येतं ना! तिथे पोचली की तिचे पाय आपोआप सहाच्या वाटेला लागायचे.

त्या दुपारी पुन्हा अठ्ठेचाळीस आलं आणि अरुंधतीचं डोकं फिरलं. "लक्ष कुठे असतं गं तुझं? बेचाळीसच्या पुढे नीट गेल्याशिवाय जेवायला मिळणार नाही, सांगून ठेवते!" रागाच्या भरात माणूस बोलतं, तसंच बोलली. पानं वाढायची वेळ झाली की हाक मारणारच होती. कादंबरी मात्र डोळे पुसत पळाली आणि घरामागे जळणाची लाकडं रचली होती त्यांच्या आड जाऊन लपली. बसायला जागा करावी म्हणून तिने एक ओंडका ओढला.

किंकाळी ऐकून सगळ्यांत आधी पोचली ती फार्महाऊसची राखण करणारी गुणाबाई. तिने जनावर लाकडांत शिरताना बघितलं होतं. "नाग हाय बाई," ती म्हणाली. "फणा पायला मी. इथं थांबू नका आता, पनवेलला न्या पोरीला, लवकर!"

सत्यजीतने पोरीला उचलून गाडीत घातलं, अरुंधती मागच्या सीटवर शिरली आणि तिने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. मनगटावर दोन बारीक खुणा होत्या आणि हात सुजायला लागला होता. करंजाड्याचे त्यांचे नेहमीचे डॉक्टर दीनानाथ फोनवर आले. "घट्ट काही बांधू नका. हात हलवू देऊ नका. मी सरकारी दवाखान्यात कळवतो, तिथे औषध आहे. आणि तिला बोलती ठेवा. बोलणं जड झालं, पापण्या उतरायला लागल्या, तर विष चढतंय समजा. कधी झालं ते नीट लक्षात ठेवा."

बोलती ठेवा! कशी ठेवायची? पोर नुसती रडत होती. गोष्ट सांग म्हटलं तर हुंदके, गाणं म्हण म्हटलं तर हुंदके. शेवटी अरुंधतीच्या तोंडून सवयीने जे निघायचं तेच निघालं. "कादू, साताच्या उड्या म्हण बघू."

आणि काय आश्चर्य, पोर म्हणायला लागली! "सात... चौदा... एकवीस... अठ्ठावीस... पस्तीस... बेचाळीस..." अरुंधतीने श्वास रोखला. "अठ्ठेचाळीस!"

"अठ्ठेचाळीस म्हणाली!" अरुंधती ओरडली. "अहो, ऐकलंत का? अठ्ठेचाळीसच म्हणाली!" पुढच्या सीटवर गाडी हाकणारा सत्यजीतही हसला, रडत रडत हसला. रोज चुकायची तिथेच चुकली होती, म्हणजे डोकं जागेवर होतं. ज्या चुकीने इतके दिवस घरात भांडणं झाली, त्या चुकीचे तिने त्या घडीला मुके घेतले असते.

सुकापूरला गाड्याच गाड्या. शनिवारी राहायला आलेली माणसं फार्महाऊसवरून परत निघालेली. सत्यजीत हॉर्नवरचा हात काढेना. काच खाली करून गळा फाटेस्तोवर ओरडला, "मुलीला साप चावलाय हो! जागा द्या!" लोकांनी गाड्या जमतील तशा कडेला घेतल्या, एक टेम्पोवाला उतरून पुढे धावत वाट करायला लागला. पण गाडी पुढे सरकत होती ती मुंगीच्या पावलांनी.

"पुन्हा म्हण गं बाळा. सात..."

या वेळी पस्तीस नाकातून आलं. सर्दी झाल्यासारखं. बेचाळीसच्या आधी कादंबरी थांबली, आवंढा गिळायला बघत होती आणि तो गिळला जाईना. अरुंधतीने घड्याळ पाहिलं आणि वेळ मनात कोरून ठेवली. सत्यजीतला सांगितली नाही. त्याला गाडी चालवायची होती.

"थांबू नकोस कादू. परत. आईसाठी."

"सात... चौदा..." एकेक आकडा खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा येत होता. कसंबसं बेचाळीस आलं. मग काहीच नाही. गाडी पुलावर आली, पुलाखाली उतरली, तरी काहीच नाही.

"म्हण ना, राजा!" अरुंधती अक्षरशः भीक मागायला लागली. "अठ्ठेचाळीस म्हण! अठ्ठेचाळीसच बरोबर आहे. आई चुकली होती. म्हण!"

कादंबरीने कष्टाने मान हलवली. नाही. तिची बोटं आईच्या साडीवर एकेक टेकत गेली. मग ओठ हलले. "एको... एकोण... पन्नास."

अरुंधतीला हुंदका आवरला नाही.

"बरोबर ना?" पोरीने विचारलं. शब्द एकमेकांत चिकटत होते. "आता... जेवू?"

देवा रे! "जेव गं माझी बाय, पोटभर जेव," अरुंधती म्हणाली. "तुला भरवते मी."

"आई, तू दोन दोन दिसतेस," कादंबरी म्हणाली आणि तिच्या पापण्या खाली आल्या, त्या पुन्हा पूर्ण वर गेल्याच नाहीत.

दवाखान्यात दारातच माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती. तिथली डॉक्टर चालता चालता विचारत होती आणि अरुंधती धडाधडा सांगत सुटली: आवाज नाकात कधी गेला, गिळणं कधी थांबलं, दोन दोन कधी दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाली, "छान लक्ष ठेवलंत. औषध सुरू करतोय, पण श्वास दमतोय तिचा. नळी घालावी लागेल. मग तिला बोलता येणार नाही."

"मग मला कळणार कसं?" अरुंधतीने विचारलं. तोवर डॉक्टर स्ट्रेचरबरोबर आत गेलीही होती.

संध्याकाळी त्यांना आत बोलावलं. सत्यजीत दाराशीच खिळला. कादंबरी केवढीशी दिसत होती त्या पलंगावर! तोंडात नळी, पापण्या मिटलेल्या, छाती मशीनच्या तालावर वरखाली. सिस्टर म्हणाली, "झोपलेली नाहीये ती. अंगात बळ नाही, पण ऐकू येत असतं. बोला तिच्याशी."

बोला! अरुंधतीने तोंड उघडलं आणि जिभेवर आलं काय, तर 'सात'. तिने ओठ घट्ट मिटले. गेले कित्येक दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत ती पोरीशी हेच बोलली होती, दुसरं काय बोलायचं हेच तिला सुचेना. आपल्या पोटच्या पोरीशी काय बोलायचं ते सुचेना! लाज वाटली तिला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने तो बारका हात हातात घेतला. "कादू," ती म्हणाली, "लपायचं तर लप गं. माझ्यापासून खुशाल लप. मी शोधायला आले तरी काही विचारायला येणार नाही. फक्त हाक मारली की ओ दे. बोलू नकोस, बोटाने ओ दे. कादू!"

हात तसाच पडून होता. मशीन आपलं चालू होतं. सत्यजीतने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"कादू! ए कादू!"

करंगळी हलली. अरुंधतीने दचकून सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरही वाकून बघत होती. करंगळी पुन्हा हलली आणि आईच्या तळहातावर हलकेच दाबली गेली.

"बास," अरुंधती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. "बास गं बाळा. एवढं पुरे. आता काही नको करूस."