माझ्या सुनेनं वकील निवडला

“हा नको,” सून म्हणाली आणि काचेच्या दारातूनच मागे वळली.

आत गार हवा, गुबगुबीत खुर्च्या, भिंतभर पुस्तकं. हा वकील माझ्या दिरानं सुचवलेला. मी म्हटलं, “अगं, घटस्फोट घ्यायचाय ना? मग चांगला माणूस नको?”

“आई, यांचा कोट माझ्याकडेच येतो दुरुस्तीला. कोपरं नवी कोरी. खिसा मात्र वर्षातून दोनदा उसवतो.”

मीही मागे वळले. मला गप्प बसवणाऱ्या दोनच. एक माझी सासू, ती गेली. दुसरी ही.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत हिचं शिलाईचं मशीन आहे. बारा वर्षं वकिलांचे कोट आणि काळे गाऊन दुरुस्त करते. कोण टेबलाला कोपरं लावून वाचतो आणि कोण नुसताच मिरवतो, ते हिला कापड सांगतं. माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी “कामासाठी चाललो” म्हणून गेला तो दुसरीकडे संसार थाटून बसला. तेव्हापासून घर त्या मशीनवर चाललंय, माझ्या औषधांसकट. हिनं कधी बोलून दाखवलं नाही. आता एवढंच म्हणाली, त्याची बायको म्हणून राहायचं नाही.

हिनं निवडलेली वकीलबाई झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसायची. “यांच्या कोपरांना तीनदा ठिगळ लावलंय मी,” सून जिन्यात कुजबुजली.

“बसा आजी,” बाई मला म्हणाल्या.

“आजी कुणाला म्हणता? केस तुमचेही पिकलेत.”

सुनेनं मला डोळ्यांनी दटावलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. “ताई, फी तारखेगणिक घेणार की कामाप्रमाणे?”

बाई हसल्या. “कामाप्रमाणे. चार हप्ते, प्रत्येकाची पावती. जड जात असेल तर माझे कपडे शिवून द्या, तेवढे वजा करू.”

“नको. शिवण वेगळी, खटला वेगळा. उद्या माझं काज चुकलं तर तुम्ही तारीख चुकवाल.”

हिनं माझ्या पोटी यायला हवं होतं. माझ्या मुलाला मग कुणाच्या पोटी धाडलं असतं, ते सुचत नाही. वैऱ्याचंही वाईट कशाला चिंतायचं!

बाई लिहायला लागल्या. “नवरा घर सोडून गेला, हे सांगायला साक्षीदार लागेल. शेजारचं कुणी?”

“शेजारी चहाला येतात, कोर्टात नाही,” मी म्हटलं. “मी येते.”

“आई, तुम्ही नको,” सून पटकन म्हणाली. “तुमचा मुलगा आहे तो.”

“म्हणूनच. त्याला माझ्याइतकं कोण ओळखतं?”

बाईंनी पेन थांबवलं. “समोर बसलेला असेल तो. सगळं बोलावं लागेल.”

“बोलायचं मला कुणी शिकवायला नको.”

“बरं. अर्जदाराशी नातं?”

“सासू.”

“निकाल लागला की ते नातं राहणार नाही, माहितीये ना?”

“आज आहे ना? लिहा.”

सून खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी लिहायला घेतलं. मी अक्षरं लावून लावून वाचते. ही दोनच होती, सा आणि सू. दुसरं पुरं होईपर्यंत मी कागदावरून नजर काढली नाही.