धवला मध्येच थांबला

हर्षलाला पित्ताचा त्रास आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिला पित्त नव्हतंच, हे फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला, देवेशला, ठाऊक होतं.

सुरुवात झाली कंपनीच्या बसमध्ये. कुंभिवलीतल्या एका कारखान्यात ती स्टोअरचं काम बघायची. एका सकाळी काही कारण नसताना छाती धडधडायला लागली, हात गार पडले, घसा आवळून आला आणि आपण आता मरतोय असं तिला वाटलं. खोपोलीत कार्डिओग्राम काढला, तो चांगला निघाला. मग कर्जतच्या एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हृदय ठणठणीत आहे, हा घबराटीचा आजार आहे आणि तो आटोक्यात राहतो. औषध लागू पडलं. धडधड कमी झाली, पण पुरती गेली नाही. ती अधूनमधून यायची, आणि आली की हर्षला पोटावर हात ठेवून, पित्त उसळलंय म्हणत माणसांतून उठून जायची.

या पित्ताने घरात चांगलंच बस्तान मांडलं. सासूने, मोतीबाईने, मोरावळ्याची बरणी भरली, कोकमाचं पाणी सुरू केलं. वडे, मिसळ, चिंबोऱ्यांचा रस्सा यातलं काही हर्षलाच्या ताटात येईना. देवेश शेजारी बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या फोडायचा आणि ती वरणभात कालवायची. घरात सांगून टाका, लपवण्यातच तुमची निम्मी ताकद जातेय, असं डॉक्टरीणबाई दर खेपेला म्हणायच्या. ती मान डोलवायची आणि घरी येऊन मोरावळा खायची.

पण मोतीबाईला सांगायचं कसं? मोतीबाई धवलारीण होती. आजूबाजूच्या आगरी गावांत तिच्याशिवाय लग्न व्हायचं नाही. मांडवात देवांना आवतण द्यायचं, नवरीला हळद लावायची, तर धवले, म्हणजे त्या विधींची गाणी, तिनेच गायची. शेकडो माणसांत ती कधी अडखळली नाही. हर्षला सून म्हणून आली तेव्हापासून तिच्या मागे बसून ओळ उचलायची आणि मोतीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायची, की माझ्यामागं ही हाय. अशा बाईला, मला भरल्या मांडवात जीव घाबरा होतो, हे कोणत्या तोंडाने सांगावं?

त्या हिवाळ्यात मोतीबाईचा घसा बसला तो सुटेचना. डॉक्टरांनी गाणं बंद करायला लावलं. आणि नेमकं शेजारच्या गावातल्या सुरभीचं लग्न ठरलं. सुरभीची आजी, जिजा, स्वतः घरी आली आणि म्हणाली की आता हर्षलाने गायचं. मोतीबाई सुनेकडे बघत होती. हर्षलाच्या तोंडून हो निघून गेलं.

देवेश म्हणाला, मी जाऊन नाही सांगतो, कुणी काही विचारणार नाही. तिने त्याला थांबवलं. भीती वाटत होती हे खरं, पण तिला गायचं होतं, हेही तितकंच खरं होतं. हे तिने पहिल्यांदाच कुणाला बोलून दाखवलं.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव बायकांनी भरून गेला. सुरभी पाटावर बसली. हर्षलाने आवाज लावला तो स्वच्छ लागला. गावदेवीला आवतण झालं, वेशीवरच्या देवाला झालं, आणि डोंगरातल्या देवाचं नाव घेता घेता तीच घबराट आली. आधी बोटं बधिर झाली, मग छातीत धाडधाड सुरू झालं, समोरचे चेहरे लांब लांब गेले. ओळ अर्धीच राहिली.

पित्ताचं निमित्त जिभेवर तयार होतं. बाहेर जायची वाटही तिने आल्या आल्या हेरून ठेवली होती. ती उठणार, इतक्यात शेजारी मोतीबाई सावरून बसलेली तिला दिसली. गाणं पडू नये म्हणून म्हातारी तो फुटका घसा खाकरत होती.

हर्षलाने तिचा हात धरला.

"आई, तुमी नका गाऊ," ती म्हणाली. आवाज कापत होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "पित्त नाय हे. पित्त कधीच नव्हतं मला. मला घाबरं व्हायचा आजार हाय. आता तेच होतंय. थोड्या वेळानं उतरतं. तोवर मी इथंच बसते."

 मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या मुलीने हात खाली घेतला. हर्षलाला वाटलं, संपलं आता सगळं.

"मंग बस की गं," जिजा म्हणाली. "आमाला कुठं गाडी पकडायची हाय?"

कुणीतरी हसलं. दोघीजणी बाजूला सरकल्या, वारा यायला जागा झाली. मागच्या बायकांनी अर्धी राहिलेली ओळ हळूच उचलली आणि तीच परत परत म्हणत राहिल्या, पुढे गेल्या नाहीत. सुरभीने हळदीने माखलेल्या हातात हर्षलाचा हात घेतला आणि कानाशी येऊन म्हणाली, की सकाळपासून माझे पण पाय लटलटतायत काकी, मी कुणाला बोलले नाही.

हर्षला हात सोडून पळाली नाही. धडधड आली, चढली, आणि ती ओळ ऐकत बसल्या बसल्या उतरत गेली. मग ती पुढची ओळ गायली. मध्ये आणखी एकदा घसा आवळला तेव्हा तिने नुसता हात वर केला. बायकांनी ओळ धरून ठेवली. धवला रेंगाळत का होईना, पण पुरा झाला.

नंतर चहाच्या वेळी जी ती काही ना काही सांगत होती. एकीने दृष्ट काढायला सुचवलं, दुसरीने कुठल्याशा बाबाचा पत्ता दिला. एक तरुण बाई मात्र हर्षलाला कडेला घेऊन, तुम्ही दाखवता ते डॉक्टर कुठे बसतात, एवढंच विचारून गेली.

मग दोघी रिक्षातून परत निघाल्या. घर जवळ आलं तेव्हा मोतीबाई म्हणाली, "म्हंजे मोरावळ्याचा काय उपेग नव्हता."

"चवीला चांगला होता," हर्षला ओशाळून म्हणाली.

मोतीबाई त्या बसक्या आवाजात हसली आणि मग हसायची थांबली. "मला सांगायची तुला भीती वाटली, याचं वाईट वाटतं बघ." मग तिने विचारलं, "ते आलं का मी काय करायचं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. हर्षलाला विचार करावा लागला. "काय नाय झालं, असं म्हणू नका. नुसत्या जवळ बसा."

"बसंन," मोतीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी देवेश चिंबोऱ्या घेऊन आला आणि मोतीबाईने पहिली वाटी सुनेला वाढली.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. चौक गावच्या एका घराने ठरलेलं लग्न दुसऱ्या धवलारणीला दिलं. ते कळल्यावर हर्षला कपड्यांच्या घड्या घालता घालता रडली. पण बाकीची आमंत्रणं येत राहिली. आता ती आधीच सांगते, मी मध्ये थांबेन, ओळ धरायला दोघीजणी द्या. कंपनीत साहेबांना सांगून तिने बसमध्ये दाराजवळची जागा मागून घेतली. धडधड अजून येते. पण तिच्याशी झुंजताना तिला झाकायचीही दमछाक आता होत नाही.

आता रविवारी जेवणं झाली की सासूसुना ओसरीवर बसतात. मोतीबाईकडे एक लांबलचक जुना धवला आहे, तिने तो आजवर कुणाला दिला नव्हता. ती तो कुजबुजत सांगते, हर्षला मोठ्याने म्हणते. शब्द चुकला की मोतीबाई तिच्या गुडघ्यावर टिचकी मारते, आणि दोघी ती ओळ पहिल्यापासून धरतात.