सत्यदेवीचा हंडा

"सत्याचा दिवा लागला! चोर सापडला!" असा गलका झाला आणि तिसगावजवळच्या त्या वाडीतली शे-दोनशे माणसं एकदम वाकली. साल बहात्तर. प्यायला घोटभर पाणी नाही आणि गोरक्षबाबाचा हंडा मात्र गळ्यापर्यंत भरलेला, वर झेंडूची फुलं. मला शिसारी आली.

हंड्यापाशी राहीबाई उभी होती. मजुरी करणारी विधवा बाई. भाऊसाहेब पाटलांच्या घरची बोरमाळ चोरल्याचा तिच्यावर आळ. तिनं पाण्यात हात घातला होता आणि बाबाच्या मागचा लाल दिवा पेटला होता.

"देवी खोटं बोलत न्हाई," पाटील म्हणाले. "आजच्या आज वाडी सोड."

"कुठं जाऊ, पाटील? पोरं हायेत माजी!"

दिव्याआधी 'टक्' असा आवाज आला होता. तो माझ्या रोजच्या ओळखीचा. आपोआप चालणाऱ्या यंत्रांची जोडणी मी नगरला शिकवतो. फळ्यावर कमी, हातात तारा देऊन जास्त. टाकीत पाणी चढलं की तरंगतं बूच वर येतं, रिले नावाचं विजेचं बटण टक् करतं, पंप बंद. पहिला धडा हाच. आणि दाढीमागचा हा बाबा माझ्याच वर्गात तारा जोडत बसलेला गोरक्ष! एवढी विद्या शिकून धंदा काय, तर गरिबाला चोर ठरवायचा. थू!

आधी पाटलांच्या घरच्यांची परीक्षा झाली, तेव्हा पाटलांना तो म्हणाला होता, "बोट टेकवा." राहीबाईला मात्र, "कोपरापर्यंत घाल, पाप धुऊन निघू दे!"

मी पुढे झालो. "राहीबाई, आता नुसतं बोट बुडवा."

बुडवलं. दिवा लागेना.

"पाप फिटलं! देवीची कृपा!" बाबा ओरडला.

शेजारच्या घरातून वरवंटा मागवून मी हळूच हंड्यात सोडला. टक्! लाल दिवा.

"घ्या! बोरमाळ वरवंट्यानं चोरली!"

लोक खो खो हसले. मघाशी तिला शिव्या देणारेच ते. त्यांचीही किळस आली.

मी फुलं बाजूला सारली. खाली बूच, बुचाला तार, तार आसनाखालच्या रिलेला आणि तिथून मोटारीच्या बॅटरीला. "वरवंटा घाला नाहीतर अख्खा हात, पाणी चढणारच. बोटानं चढत नाही."

"सर, पोटासाठी केलं हो," गोरक्ष पुटपुटला.

"आणि हिच्या पोरांचं पोट?"

पाटील खाली बघत म्हणाले, "चुकलं आमचं, राहीबाई."

"मला हाकलायला समदे उठला," ती म्हणाली, "पन एकानं तरी आधी सोताचा हात कोपरापर्यंत घालून बघायचा हुता!"

वाचकहो, ती म्हणाली तेवढंच मला सांगायचं आहे. देवीच्या कौलावरून कुणाला घराबाहेर काढण्याआधी एकदा स्वतः करून बघा.