मागच्या सीटचा हक्क

रविवारी सकाळी जयंतीने चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत बाइकच्या पुढ्यात पाट टाकला, पदर खोचला आणि हातात पाना घेतला. बाईच्या हातात लाटण्याऐवजी पाना दिसला की भांडुपच्या त्या टेकडीवर लोक आंघोळ अर्धी टाकून बाहेर येतात. तसे ते आले.

"बघा गं, जयंतीने गॅरेज उघडलं!" शेजारची शकु ओरडली.

"उघडलं तर उघडलं. तुझ्या नवऱ्याचं डोकं घेऊन ये, तेही टाइट करून देते."

बाइक जयंतीच्या नवऱ्याची, श्यामसुंदरची. गणपतीपासून ती ताडपत्रीखाली पडून होती. कारण तो कामाला होता त्या गाळ्यातल्या प्रेस मशीनने त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खाल्लं. मशीनला बोटं वाचवणारा गार्ड होता. मालकाने तो काढून ठेवला होता, माल भराभर निघावा म्हणून. नंतर हाच मालक मोसंबी घेऊन भेटायला आला. बोटांच्या बदल्यात मोसंबी! वर म्हणतो, देवाची कृपा, डावाच हात होता. त्या गाढवाला कोण सांगणार, क्लच डाव्याच हाताने दाबतात म्हणून.

श्यामसुंदरने दोनदा चालवून पाहिली होती. उरलेली बोटं ताणून ताणून लिव्हरपर्यंत पोचायची, अर्ध्यात थरथरायची, सुटायची, आणि गाडी उडी मारून बंद पडायची. दुसऱ्या वेळी नाक्यावरची टोळकी हसली. तेव्हापासून हात खिशात आणि तोंडाला कुलूप. जयंतीचा भाऊ नंदकिशोर म्हणाला, भावोजी, बिनगिअरची स्कूटर घ्या. भावोजी म्हणाले, स्कूटर नको नि बाइकही नको, विकून टाक. आज दुपारी नंदकिशोर गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

जयंतीला हे कोणी विचारलंच नव्हतं. गाडी त्याची असेल, मागची सीट तिची होती. घरात हा माणूस भिंतीसारखा. पण गाडीला किक मारली की बोलायला लागायचा. आईच्या आठवणी, गावच्या भानगडी, सगळं खांद्यावरून मागे सांगायचा. जयंतीचा संसार जो काय झाला तो त्या सीटवर झाला. तो परस्पर विकणारे हे दोघे कोण?

म्हणून तिने मुलीला, श्रुतिकाला, कामाला लावलं आणि नवा क्लच लिव्हर मागवला. काळा, आखूड, आणि बुडाशी एक छोटी चकती. ती फिरवली की लिव्हर हँडलच्या जवळ येतो, बोटं ताणावी लागत नाहीत.

"आई, पोरं हा स्टाइल म्हणून लावतात. दोन बोटांनी दाबायचा असतो."

"मग तुझ्या बाबांचं माप घेऊनच बनवलाय की!"

श्रुतिकाने फोनवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस गाडीवर बसून दाखवत होता. जयंती गाडीच्या समोर बसली होती. डाव्या हाताचा लिव्हर खोला, तो म्हणाला. जयंतीने डावा हात पुढे केला, समोर जो लिव्हर आला त्याचा नट सोडवला आणि तो काढून मांडीवर ठेवला.

"आता वायर दिसेल," श्रुतिका म्हणाली.

"कुठेय? मला नाही दिसत."

"व्हिडिओत तर आहे, यार."

"व्हिडिओत हेमामालिनीसारखी माणसंही असतात. इथे वायर नाही."

नवा लिव्हर तिथे बसेना. जयंतीने त्याला आडवा घातला, उभा घातला, शेवटी हातोडी मागितली. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून असा आवाज आला की कावळे उडाले.

"अगं बाई, तो ब्रेक आहे! ब्रेक! समोर बसलीस तू! तुझा डावा तो गाडीचा उजवा!"

चाळ खो खो हसली. जयंतीलाही हसू आलं, पण तिने ते गिळलं.

"मग खाली या की! वरून काय मॅच बघताय?"

श्यामसुंदर बनियनवर धडाधड जिने उतरून आला. "हातोडी! ब्रेकला हातोडी! सरक तिकडे." तो पाटावर बसला आणि त्याने ब्रेक परत जागेवर बसवला. मग उठून दुसऱ्या बाजूला गेला, क्लचची वायर सैल केली, जुना लिव्हर काढला, नव्याच्या सांध्याला ग्रीस लावलं. हे करताना खिशातला हात कधी बाहेर आला ते त्याला कळलंच नाही. चाळीने तो पाहिला. शकु काहीतरी बोलणार होती, जयंतीने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प बसली.

लिव्हर बसला. त्याने चकती फिरवून तो अगदी जवळ घेतला, गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली.

कुणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. श्यामसुंदरचा चेहरा पुन्हा मिटायला लागला.

"उतरू नका," जयंती म्हणाली. "मशीनने बोटं खाल्ली, अक्कल नाही खाल्ली. काय चुकलं ते सांगा."

तो लिव्हर दाबून बघत म्हणाला, "फार जवळ घेतला. त्यामुळे क्लच पुरता सुटत नाही." त्याने चकती एक खाच मागे घेतली, वायरचा नट थोडा आवळला. पुन्हा गिअर. खट्. गाडी जागच्या जागी शांत गुरगुरत राहिली.

चाळीतला सर्वांत म्हातारा धोंडूकाका नारळ घेऊन तयारच होता. मालवणी माणूस देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सायकलचं पंक्चरही काढत नाही.

"बा देवा म्हाराजा! ह्या शामाच्या गाडयेक जो नवो लिवर बसवलो हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली.

"आणि ज्या मेल्यान मशिनीचो गार्ड काढलो, तेका एक दिस बिरेक नसलेल्या गाडयेर बसवन ह्याच उतारार सोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज जयंतीचा.

ती मागे बसली. उतार उतरून दोघं स्टेशन रोडपर्यंत गेली, वळली. परत येताना टेकडीच्या चढावर, ऐन मध्यावर, नंदकिशोर दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा. बाजूला गिऱ्हाईक.

"भावोजी, थांबा! हेच ते गिऱ्हाईक!"

चढावर थांबायचं म्हणजे पुन्हा निघताना सगळा भार क्लचवर, म्हणजे त्या दोन बोटांवर. पण तो थांबला. मागे रिक्षावाला हॉर्न बडवायला लागला.

"क्लच कसा आहे?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"मागे बसलीय तिला विचारा."

"झकास आहे," जयंती म्हणाली. "आणि विकायचा नाहीये. सरक, नंदू."

श्यामसुंदरने हळूहळू क्लच सोडायला घेतला. गाडी वीतभर मागे घसरली. जयंतीने त्याचा खांदा घट्ट धरला. मग इंजिनाने पकडलं, चाक पुढे सरलं, आणि गाडी एका दमात चढ चढून चाळीसमोर आली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"उतरू?" जयंतीने विचारलं.

"कशाला? बस." त्याने गाडी वळवली. "ऐक ना, ते गिऱ्हाईक बघितलंस? आमच्या गावात अस्साच एक तलाठी होता..."

चढ चढून धापा टाकत आलेला नंदकिशोर पुन्हा बाजूला झाला. "ताई, अगं आता कुठे?"

"ठाऊक नाही!" जयंती वळून ओरडली. "चहा पिऊन जा, श्रुतिका करेल!"