‘पत्र पाठवले’ म्हणणारा संगणक

मित्रांनो, शहापूरच्या एका संस्थेच्या मागच्या खोलीत, फाटक्या सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या मधे पडलेला मी एक जुना संगणक आहे. माझ्या पडद्यावर बोटभर धूळ आहे. पाठीमागच्या जाळीत पालीने अंडी घातली आहेत. आता कोणाला खरे वाटणार नाही, पण मी आलो त्या दिवशी मला झेंडूचा हार घातला होता.

ते साल १९९९. माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत तयार झाले, ते मलाही ठाऊक नाही. कल्याणच्या एका दुकानात मला जुळवले आणि जीपमधून शहापूरला आणले. ही संस्था डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुलींसाठी वसतिगृहे चालवत असे आणि दहावी झालेल्या मुलींना पुढच्या शिक्षणासाठी ठाण्याला पाठवत असे. कचेरीचे प्रमुख होते निमसे साहेब. पत्रे लिहायला होते कुंडलिकभाऊ. पंचवीस वर्षे त्यांनी टंकलेखन यंत्रावर काढलेली. माझ्या कळा ते इतक्या जोराने दाबत, की सुरुवातीला मला भीतीच वाटे.

पुढे ई-मेल आली. तेव्हा हिशेब बघणाऱ्या अनिताबाई जेवणाच्या सुट्टीत भाऊंना शिकवू लागल्या.

“भाऊ, पत्र लिहिलं म्हणजे गेलं असं नाही. आधी ते ह्या आउटबॉक्समध्ये पडतं. पोस्टाची पेटीच समजा. फोनची तार जोडलेली असली तरच पुढं जातं. पेटी रिकामी झाली का, ते रोज बघायचं.”

भाऊ सगळे वहीत उतरवून घेत. ‘उंदीर डाव्या बाजूने एकदा दाबणे. दोनदा दाबू नये.’ अक्षर मोत्यासारखे.

एके दिवशी मुंबईहून संस्थेचे सभासद आले होते. चहा चालला होता. निमसे साहेबांनी भाऊंच्या टेबलावरची वही उचलली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “ऐका, आमच्या कुंडलिकरावांचा गृहपाठ! उंदीर डाव्या बाजूने एकदा दाबणे!” सगळे पोट धरून हसले. एका सभासदाच्या नाकातून चहा आला. कुंडलिकभाऊही हसले. मित्रांनो, ते हसणे मला बघवत नव्हते. त्या दिवसानंतर वही कचेरीत दिसली नाही.

महिन्याभरात साहेबांनी नवे सॉफ्टवेअर मागवले. मुलींची नोंद, याद्या, पत्रे, सगळे एकाच ठिकाणी. आणि ई-मेलही त्याच्याच आत. खाली एक हिरवे बटण होते, ‘पाठवा’.

अनिताबाई म्हणाल्या, “साहेब, बटण असू द्या. पण भाऊंचं शिकणं अर्ध्यावर आहे, ते पुरं होऊ द्या. एखादं पत्र अडकलं तर कळणार कसं?”

“ही कचेरी आहे, शाळा नाय,” साहेब म्हणाले. “बटण दाबलं की गेलं. कुणाला काही कळायची गरज पडू नये, म्हणूनच तर पैसे घातलेत.”

पुढच्या आठवड्यात बाईंची बदली मुरबाडच्या शाखेत झाली.

खरे सांगायचे तर बटण वाईट नव्हते. भाऊंची बोटे सांध्यांतून सुजत. पूर्वी एकच यादी त्यांना दोनदा लिहावी लागे, ती आता एका दाबण्यात जाई. वर्षभर एकही पत्र चुकले नाही. साहेब ज्याला त्याला बटण दाखवत आणि म्हणत, “आमचा म्हातारासुद्धा चालवतो!”

मग २००४ सालचा जुलै उजाडला. साहेबांच्या टेबलावरच्या फोनची लाइन बिघडली. त्यांनी माझ्या पाठीतली तार उपसली आणि आपल्या फोनला लावली. “दोन दिवसांपुरती,” ते स्वतःशीच म्हणाले. ती तार परत आली नाही.

त्याच आठवड्यात सात मुलींची नावे ठाण्याच्या नर्सिंगच्या केंद्राला पाठवायची होती. शनिवार शेवटचा दिवस. तिसरे नाव चंदाचे होते. उंबरमाळीच्या पलीकडच्या पाड्यावरची ही मुलगी, तिच्या पाड्यात दहावी झालेली पहिलीच. भाऊंनी यादी दोनदा तपासली आणि गुरुवारीच बटण दाबले. पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली, ‘पत्र पाठवले.’

मित्रांनो, ती अक्षरे मी उमटवली. मला तसेच सांगून ठेवले होते. पत्र आउटबॉक्समध्ये टाकायचे आणि ‘पाठवले’ म्हणायचे. ते माझ्याच पोटात पडून होते आणि ते सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हता.

भाऊंना चैन पडेना. ते साहेबांकडे गेले. “साहेब, ती पेटी रिकामी झाली का बघायचं होतं. ह्या नव्यात ती कुठं दिसत नाय.”

“पाठवलं म्हणतंय ना? मग गेलं. डोकं खाऊ नका.”

दहा दिवसांनी चंदा आणि तिचा बाप नामा कचेरीच्या दारात उभे राहिले. डोक्यावर पत्र्याची पेटी. ठाण्याच्या केंद्राने त्यांना, बाकीच्या सहा मुलींसारखेच, दारातूनच परत पाठवले होते. शहापूरची यादी आलीच नव्हती आणि जागा भरून गेल्या होत्या.

साहेबांनी सगळ्यांसमोर भाऊंना बोलावले. “हे बघ नामा, ह्या माणसानं तुझ्या पोरीचं वाटोळं केलं. विचार त्याला.”

नामा भाऊंकडे वळला. म्हणाला, “भाऊ, आमी तुमचं काय वाकडं केलं व्हतं?”

“पाठवलं होतं रे मी, नामा! देवाशपथ! हे बघ,” म्हणत भाऊंनी बटण दाबले. मी पुन्हा लिहिले, ‘पत्र पाठवले.’

“आत्ता दाबलंत,” साहेब म्हणाले. “तेव्हा विसरलात. तसं लिहून द्या.”

भाऊंनी लिहून दिले. निवृत्तीला तीन वर्षे राहिली असताना त्यांना घरी बसवले. जाताना त्यांनी माझ्यावर कापड झाकले. रोज झाकत, तसेच.

आठ दिवसांनी काम सांभाळायला अनिताबाई मुरबाडहून आल्या. त्यांनी आधी माझ्या पाठीमागे हात घातला, तिथे तार नव्हती. मग आउटबॉक्स उघडला. एकोणीस पत्रे एकावर एक पडलेली. त्यात गुरुवारची यादीही होती, तारीख-वेळेसकट. नेमकी त्याच वेळी चंदा आपली गुणपत्रिका परत न्यायला आली होती. बाईंनी तिला जवळ बोलावून पडदा दाखवला.

चंदाने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. “नाव तर हाय माझं. मंग मी का नाय गेले?”

साहेब मागे येऊन उभे होते. ती बाहेर गेली. तसे ते म्हणाले, “पुसून टाका ते.”

“तुम्हीच पुसा,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या.

निमसे साहेब माझ्यासमोर बसले. त्यांनी उंदीर पकडला. एकदा दाबला, दोनदा दाबला. पत्र पुसायला घेतले की ते अधिकच मोठे होऊन उघडे. सात नावे पडदाभर. त्यांना तर काहीच येत नव्हते, मित्रांनो. शेवटी त्यांनी भिंतीतला प्लग उपसला आणि शिपायाला हाक मारली. “हे बिघडलंय. मागं नेऊन टाक.”

अनिताबाईंनी नोकरी सोडली. त्यांनी भाऊंच्या घरी जाऊन खरे सांगितले, असे शिपाई एकदा इथे खुर्ची ठेवताना कोणाला तरी सांगत होता. भाऊ म्हणे एवढेच बोलले, “म्हंजे दाबलं होतं मी.” त्यांनी लिहून दिलेला कागद मात्र फायलीतून कोणी काढला नाही. चंदा त्या दिवाळीनंतर बापाबरोबर वीटभट्टीवर गेली. पुढल्या वर्षीच्या यादीत तिचे नाव घालायचे कोणाच्या लक्षात आले नाही.

मित्रांनो, यंत्रांना बटणे जरूर लावा, पण त्यांना खोटे बोलायला लावू नका. माणसांची कामे हलकी करा. मात्र काम अडले तर ते कुठे बघायचे, एवढे त्यांना आधी शिकवा. आणि उतारवयात कोणी वही घेऊन शिकायला बसला, तर ती वही चारचौघांत वाचू नका. भाऊंना जेवणाच्या सुट्टीतले आणखी चार दिवस मिळायला हवे होते. तेवढेच राहिले होते शिकायचे.