न चाखलेली डाळ

पैज जिन्यात लागली. समोरच्या दाराचा टेलर दुपारचं जेवून, गळ्यात टेप अडकवून खाली दुकानात निघाला होता आणि मी त्याच्याच घरून आलेली वाटी बोटानं चाटत पायरीवर बसलो होतो. वहिनी, म्हणजे टेलरची बायको, रोज देवाला नैवेद्य दाखवते आणि त्यातली वाटीभर डाळ आमच्याकडे पाठवते. आमच्या हिच्या हाती लागायच्या आत मी ती मध्येच गाठतो. काय डाळ असते म्हणून सांगू. मीठ असं बसलेलं असतं की बोट थांबत नाही.

आता गंमत बघा. हीच वहिनी छापखान्यातल्या माणसांना दुपारचे डबे देते आणि त्या डब्यांच्या नावानं महिनाभर नुसती बोंब चाललेली. आज डाळ खारट, उद्या त्याहून खारट, परवा घाबरून अळणी. त्या दिवशी तर छापखान्याच्या मुकादमानं निरोपच धाडला होता की उद्या एक संधी, नाही जमलं तर डबे बंद. टेलर सगळ्यांना सांगत सुटलेला की पाणी बदललंय. अरे लेका, या इमारतीतला नळ न् नळ मी बसवलाय. देवाच्या डाळीला काय वेगळी टाकी आहे?

मी म्हटलं, सरळ हिशेब आहे. देवाचं चाखून करत असेल आणि गिऱ्हाइकाचं न चाखता.

टेलर असा लाल झाला की मला वाटलं टेपनं माझा गळाच आवळतो. नैवेद्याचं चाखलं की ते उष्टं झालं, आमच्या घरात देवाच्या आधी कुणी वाससुद्धा घेत नाही, असं तो तिथेच जिन्यात ओरडून सांगायला लागला. आवाज ऐकून तळमजल्याच्या काकू बाहेर आल्या. काकूंना भांडण म्हणजे जेवणानंतरचा विडा. त्यांनी दोघांनाही दमात घेतलं आणि स्वतःच पंच झाल्या.

पैज ठरली ती अशी. वहिनी देवाचं चाखताना सापडली तर टेलर हरला, नाही तर मी. हरणाऱ्यानं झालरीचा फ्रॉक घालून सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून अख्ख्या इमारतीचं दूध आणायचं. फ्रॉक टेलर शिवणार, पडद्याचं गुलाबी कापड उरलंय त्याचा. त्यानं तिथल्या तिथे टेप काढला आणि माझी छाती मोजायला घेतली. मी म्हटलं, स्वतःचं माप का घेत नाहीस? म्हणे, गरज पडणार नाही.

संध्याकाळी मी पाणी प्यायच्या निमित्तानं त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो आणि सिंकखालच्या पाइपाचा नट हळूच सैल करून आलो. सकाळी अपेक्षेप्रमाणे वहिनीची हाक आली, भाऊजी, पाणी गळतंय हो. भाऊजी पाना घेऊन दारात तयारच.

सिंकखाली पाठीवर झोपलं की स्वयंपाकघर काय मस्त दिसतं. वर ओटा, समोर देवाचा लहान लाकडी कप्पा, त्याच्यापुढे तेवणारी समई. डब्यांचं चाखावं लागतं म्हणून वहिनी देवाचं वेगळं शिजवते, लहानशा पितळी पातेल्यात. मी पाना नुसताच फिरवत डोळे वर लावून बसलो. तिनं डाळीला फोडणी दिली, चिमटीनं मीठ टाकलं, हात झटकला, झाकण ठेवलं. चाखणं सोडाच, वाकून बघितलंसुद्धा नाही. हरलो की मी. डोळ्यांपुढे गुलाबी झालर नाचायला लागली.

मग ती डब्यांच्या मोठ्या पातेल्याकडे वळली. मीठ टाकलं, डाव बुडवला, तळहातावर थेंब घेतला, चाटला. थांबली. अजून मीठ. चाटलं. अजून मीठ. अशी काही बघत होती पातेल्याकडे, जणू त्यात तिचं काहीतरी पडलंय आणि सापडत नाहीये.

माझ्या खिशात नेहमी गोळ्या असतात. वरून लिमलेट, आत किसलेली तुरटी. इमारतीत माझ्या हातची गोळी आता कुणी घेत नाही, पण वहिनीचं लक्ष नव्हतं. म्हटलं, पैज गेली तर गेली, निदान तोंड वाकडं झालेलं तरी बघू. खालूनच गोळी पुढे केली. तिनं तोंडात टाकली, कडकडून चावली आणि मी हसू दाबून वाट बघत राहिलो.

ती म्हणाली, चांगली आहे हो, गोड.

 मी सिंकखालून बाहेर सरकलो, मोठ्या पातेल्यातला थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. आई गं. मीठ विरघळायला जागा उरली नव्हती.

"वहिनी, गोळीत तुरटी होती."

ती तिथेच खाली बसली. पदरानं तोंड पुसलं, जसं काही आता चव पुसायची राहिली होती. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी ताप आला तेव्हापासून जिभेवर काहीच लागत नाही. साखर काय, मिरची काय, सगळं ओल्या कागदासारखं. टेलरला सांगितलं नाही, कारण तापातच तो म्हणाला होता की बस झाले डबे, आता आराम कर.

"दुकान त्यांचं, घर दोघांचं," ती म्हणाली. "डबे तेवढे माझे आहेत, भाऊजी. तेही आज जाणार."

मी थट्टेखोर असलो तरी दगड नाही. पुन्हा सिंकखाली शिरून नट आवळायला घेतला आणि उगीच विचारलं की मग देवाच्या डाळीला मीठ कसं बरोबर पडतं.

"ते मी कधी चाखलंय? हात जातो तेवढं घालते."

हे ती बोलली आणि मी असा उठलो की सिंकची कड डोक्यात बसली. टेंगूळ आलं, पण डोक्यात जे पेटलं होतं त्यापुढे टेंगूळ काहीच नाही. तिचा हात चांगला होता. घोळ घालत होती ती चाखणारी जीभ. जिथे जीभ मध्ये येत नव्हती तिथे सगळं बरोबर होतं.

मी म्हटलं, वहिनी, ओतून टाका ती डाळ आणि नवी चढवा. सगळी देवासाठी करायची, अख्खं पातेलं. ती म्हणाली, धंद्यासाठी देवाला फसवू म्हणता? मी म्हटलं, फसवायचं कसलं, खरोखर दाखवायचा नैवेद्य. इतकी वर्षं बिचारा वाटीभरावर भागवतोय, एक दिवस पोटभर मिळू दे.

हसली. आणि पदर खोचला.

मग काय धावपळ. डबे न्यायला छापखान्याचा माणूस सायकलवरून येईलच अशी वेळ झालेली. मला आधी हातपाय धुऊन यायला लावलं, कारण देवाचं काम. कुकरला हात लावायचा नाही, नुसतं भांडं पुढे कर, पळी दे, बाजूला हो. मी आयुष्यात एवढं कुणाचं ऐकलेलं नाही. फोडणी तडतडली तेव्हा माझ्याच छातीत तडतडल्यासारखं झालं. वहिनीनं मिठाच्या डब्यात हात घातला, मूठ अर्धी भरली, डाळीवर फिरवली आणि सवयीनं डाव उचलून तळहात पुढे केला.

"वहिनी, उष्टं होईल."

चटका बसल्यासारखा तिनं हात मागे घेतला. थोड्या वेळानं पुन्हा तेच, भाजीच्या वेळी; तीही देवाचीच ठरली होती. पुन्हा मी खाकरलो. शेवटी तिनं डावा हात पाठीमागे धरला आणि एका हातानं सगळा स्वयंपाक उरकला.

पातेलं देवापुढच्या पाटावर मावेना. मग कोपऱ्यातलं टेलरचं जुनं शिलाईचं मशीन बाजूला ढकललं, फरशी पुसली, पाण्यानं चौकोन काढला आणि त्यावर पातेलं ठेवलं, शेजारी भाजी. वर तुळशीचं पान सोडलं तर एवढ्या डाळीत ते दिसेना. नैवेद्याभोवती पाणी फिरवायचं तर हात पुरेना. ती उठली आणि चालत पातेल्याला वळसा घालून पाणी सोडत आली. खाली सायकलची घंटी वाजायला लागली आणि इकडे देवाची. मी जिन्यात डोकावून त्या माणसाला म्हटलं, थांब रे बाबा, तुझ्या आधी एकजण जेवतोय.

वहिनी डोळे मिटून बसली ती बसलीच. माझा जीव टांगणीला. पण तिनं घाई केली नाही. रोज जेवढा वेळ देवाला जेवायला देते तेवढा दिला, मग नमस्कार केला आणि म्हणाली, आता बघा.

मी बोट बुडवलं. मग दुसरं बुडवलं. मग तिनं माझ्या हातावर पळी मारली, तेव्हा थांबलो.

डबे गेले आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो. टेलर जेवायला वर आला, ताट वाढलं गेलं, त्यानं पहिला घास घेतला आणि चावायचाच थांबला. वहिनीनं तेव्हाच सगळं सांगून टाकलं, जिभेचं, गोळीचं, पातेल्याचं. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला की खारट लागत होतं त्याला, रोजच, पण ती आजारातून उठून ओट्याशी उभी राहिली होती, तेव्हा पाण्यावर ढकललं. मी दुसरीकडे बघायला लागलो. नळवाल्याला असल्या गळतीचं काही कळत नाही.

इतक्यात छापखान्याचा माणूस रिकामे डबे घेऊन आला. उघडून बघितले तर पोळीनं पुसून काढलेले. मुकादमाचा निरोप होता की उद्यापासून त्याच्या घरच्यांसाठीही डबा हवा.

वहिनी टेलरकडे बघत होती, नुसतं बघत होती. त्यानं ताटातली शेवटची डाळ भातात कालवली आणि म्हणाला, "मोठं पातेलं घ्यावं लागेल. पाटही."

आणि मग, एवढ्या सगळ्या प्रसंगानंतर, मेला माझ्याकडे वळून टेप काढतो. म्हणे, झालरीची उंची मोजायची राहिली होती.

दुसऱ्या सकाळी मी दूध आणायला निघालो. गुलाबी फ्रॉक, बाह्यांना फुगे, पाठीवर हा एवढा बो, खाली माझ्या केसाळ पोटऱ्या. पुढे काकू, पंच म्हणून, रस्त्यातल्या लोकांना बाजूला करत. मागे टेलर, तोंडात टाचण्या धरून, दर चार पावलांवर माझी झालर सारखी करत. खिडक्या उघडल्या, गॅलऱ्या भरल्या, आमची ही तर बादली वाजवत होती. दूधवाल्यानं पिशव्या मोजायच्या सोडून दिल्या. रांगेतल्या एका बाईनं माझी बाही चिमटीत धरून शिवण उलटून बघितली आणि विचारलं की हा कुठे शिवला, तिच्या मुलीला असाच हवा आहे. टेलर टाचण्या गिळता गिळता वाचला आणि पत्ता सांगायला पुढे झाला. तिनं मला मागून कसा दिसतो ते दाखवायला सांगितलं. माझ्या दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या होत्या, तरी मी तिला एक झकास गिरकी घेऊन दाखवली.