किल्ली कोणाजवळ?

मी एक जुनी प्रेमकादंबरी आहे, मित्रांनो. मुखपृष्ठावरचा काळ्या कोटातला माझा नायक आता गुडघ्याखालीच तेवढा उरला आहे. पण एके काळी माझा थाट काय वर्णावा! छापखान्यातून निघाले तेव्हा कोऱ्या कागदाचा वास होता मला आणि त्याहून जास्त गर्व. माझ्यातला श्रीमंत नायक नायिकेला बंगल्यात कोंडून ठेवतो, प्रेमापोटी. त्या प्रकरणावर वाचक जीव टाकत.

हातोहाती फिरत मी गोंदियाजवळ कुडव्याला, प्रेमिलाबाईंच्या अंगणात पोचले. दुपारी तिथे बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. एकीने मोठ्याने वाचायचे आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या, अशी तिथली रीत. सुट्टीच्या दिवशी वाचायचा मान प्रेमिलाबाईंच्या मुलीचा, दुर्गेश्वरीचा. ती एरवी स्कूटीने शहरात औषधांच्या दुकानात कामाला जाई. चंद्रकुमारशी तिची सोयरीक ठरली होती. "लग्नानंतर गाडीची किल्ली माझ्याजवळ राहील. तुला न्यायला-आणायला मी आहे ना," असे तो म्हणाला होता. दुर्गेश्वरी हे लाजत सांगे. मीसुद्धा फुशारले; ही तर माझीच शिकवण!

कोंडण्याचे प्रकरण आले आणि शेजारच्या जमुनाबाईंनी हातातले तेंदूचे पान खाली ठेवले.

"थांब वो. कुलूप त्यानं लावलं. किल्ली कोणाजवळ हाये?"

"त्याच्याचजवळ, काकी. जीव हाये त्याचा तिच्यावर."

"मंग तिले बाहीर जावंसं वाटलं त? अन् तिची माय कुठी गेली? पोरगी कोंडली, अन् माय गप काऊन?"

दुर्गेश्वरीने माझी पाने पुढे-मागे चाळली. ती आई चाळिसाव्या पानावर डोळे पुसून गेली होती, ती परत आलीच नव्हती. इतकी वर्षे मला कोणी हे विचारलेच नव्हते. मला फार लाज वाटली. प्रेमिलाबाई मात्र खाली मान घालून विडीला दोरा गुंडाळत राहिल्या. सोयरीक त्यांनीच जुळवली होती.

पुढच्या रविवारी चंद्रकुमार आला. ओट्यावर माझ्या शेजारीच स्कूटीची किल्ली होती. ती उचलून तो हसत म्हणाला, "आतापासूनच ठेवून घेतो मी."

दुर्गेश्वरीचे हसू मावळले. "माझी किल्ली द्या," ती म्हणाली. तो हसतच राहिला. तिने आईकडे पाहिले.

प्रेमिलाबाईंनी सूप बाजूला ठेवले, उठल्या आणि हात पुढे केला. "गाडी तिची, किल्ली तिचीच राहीन, जावईबापू. लग्नाच्या आंधीबी अन् मंगबी. पटत असन त बसा, चहा ठेवतो."

मग त्याने किल्ली दिली, पण चहाला थांबला नाही. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. दुर्गेश्वरी सोमवारी आपल्या गाडीवर कामाला गेली, एवढे मात्र मी पाहिले.

मित्रांनो, माझी सुटलेली पाने चिकटवा, मला वाळवीपासून जपा, आवडीने वाचा. फक्त वाचताना त्या मुलीची आई कुठे गेली, हे मला विचारल्याशिवाय पान उलटू नका.